दहावा महिना नामंजूर

“डोकं फिरलंय का तुमचं? बायको माझी पोटुशी आहे, आणि तुम्ही म्हणता बाळंत झाली!”

गॅरेजवाल्याने रजा विभागाच्या खिडकीवर हात आपटला. आतले कारकूनसाहेब ढिम्म हलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी उजेडात धरली.

“अडतीस आठवडे, असं इथेच लिहिलंय. चार आठवड्यांचा एक महिना. म्हणजे झाले साडेनऊ. बाई नवव्या महिन्यात बाळंत होते, हे जगजाहीर आहे. सबब, तुमच्या मिसेस कार्यालयाच्या दृष्टीने बाळंत झालेल्या आहेत.”

“मग हे पोट काय, उशी बांधलीय?”

“पोट आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे फक्त रजा.”

बायको बाकावर बसून सुजलेले पाय चोळत होती. याच कार्यालयाच्या पार्सल विभागात ती दिवसभर उभी राहून वजनं करायची. डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं होतं, आता उभं राहायचं नाही म्हणजे नाही. रजा नाही मिळाली तर उद्या सकाळी पुन्हा वजनकाटा होताच.

“बरं, झाली बाळंत,” गॅरेजवाला दात खात म्हणाला. “मग बाळंतपणानंतरची रजा तरी द्या.”

“आनंदाने. बाळ दाखवा.”

“बाळ पोटात आहे!”

“म्हणजे सादर केलेलं नाही.” कारकूनसाहेबांनी शेरा मारला. “शिवाय बाळंतपणाआधीची रजा आपोआप सुरू होऊन संपलीसुद्धा. तेव्हा ताई रोज कामावर येत होत्या. रजेवर असताना कामावर का आलात, याचा लेखी खुलासा लागेल.”

“अहो, वर्षाचे आठवडे बावन्न. तुमच्या हिशोबाने महिने तेरा! मग पगार बाराच का देता?”

“तो पगार विभाग. तिकडचा महिना मोठा असतो.”

“दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो तुम्हीच घातलाय तर!”

“ओ दादा,” मागच्या रांगेतून आवाज आला, “चार आठवड्यांचा महिना, शेंबड्या पोरालाही कळतं. आटपा की!” रांगेने माना डोलावल्या. एका काकूंनी बोटांवर मोजून खात्रीही करून घेतली.

“अहो...” बायकोने बाकाची कड घट्ट धरली. “अहो, सुरू झालं.”

“बघा, मी म्हणत नव्हतो?” कारकूनसाहेब पहिल्यांदाच हसले. “आता घेऊन या बाळाला. उशिरा आल्याचं कारण मात्र त्याला द्यावं लागेल.”

गॅरेजवाल्याने बायकोला खांद्याचा आधार दिला आणि तो वळला. रांग दुभंगली नाही. खिडकी रिकामी झालेली पाहून ती उलट एक पाऊल पुढे सरकली. नंबर कोण घालवणार? तुम्ही-आम्हीही सरकलोच असतो.

“हिशोब पटला ना सगळ्यांना? मग बसा मोजत!” तो ओरडला. “पण आधी वाट सोडा. मला निघायचंय.”