नरसय्यामामांना उचलताना

सकाळी सहाला दार वाजायचं. उघडलं की बाहेर नरसय्यामामा उभे. पांढरा लेंगा, बंडी आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र. 'या, बसा' म्हणायची सोय नाही. दोन्ही हात पसरून ते हुकूम सोडायचे, "उचल मला!"

मामांना उचललं नाही असं घर आमच्या गल्लीत उरलं नव्हतं. टपरीवाल्याने उचललं, पेपर टाकणाऱ्याने उचललं. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी सोडलं नाही. त्याने कॅमेऱ्याकडे बघत हसत हसत उचललं आणि मामा ओरडले, "मान सोडली! मान कोन धरनार, तुजा पक्ष?"

ओरडले म्हणजे साधं बोलले. शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यात त्यांचं उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं. त्या खडखडाटात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, आणि चढलेला आवाज घरी येऊनही उतरत नाही.

घरी सीनू. त्यांचा एकुलता एक मुलगा, तिशीचा. जन्मापासून त्याचे पाय आणि मान त्याच्या ताब्यात नाहीत. बोलता येत नाही, हसतो मात्र छान. आई गेल्यापासून अंथरुणातून मोरीत, मोरीतून दारातल्या खुर्चीत, असा तो दिवसभर बापाच्या हातांवरून फिरायचा.

आणि मामांच्या आतड्यात गाठ निघाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट उघडावं लागेल, ऑपरेशन मोठं आहे. हातात थोडे दिवस आहेत, तेवढ्यात अंगात ताकद करून या. चाला, जिने चढा, अंडी खा, तंबाखू बंद. आणि या यंत्रातल्या गोळ्या श्वासाने वर ओढा."

मामांनी ते सगळं मनावर घेतलं. टपरीवर उभं राहून ते तिन्ही गोळ्या वर ओढून दाखवायचे आणि कुणी वाहवा केली नाही तर पुन्हा ओढायचे. तंबाखूची पुडी त्यांनी रिक्षावाल्या रियाजकडे सांभाळायला दिली होती. रोज सकाळी रिक्षाच्या खिडकीत डोकं घालून विचारायचे, "बरी हाय न्हवं?"

"एकदम मजेत, मामू. तुम्हारी याद करती."

या सगळ्याबरोबर ते उचलून घेणं. "डॉक्टरनी सांगितलंय," म्हणायचे. आम्ही कुणी खोलात गेलो नाही.

आधी ते माझ्या दादालाच बोलवायचे. मी भांडले. "मुलींना हात नसतात का, मामा?"

"असत्यात की. दाव."

रियाजने गुडघ्यांखाली हात घातला, मी पाठीखाली. मामांची मान माझ्या कोपरावर आली. आम्ही त्यांना ओट्यावरून खुर्चीत ठेवलं. पहिल्यांदाच एकही शिवी आली नाही.

"पास क्या, मामू?" रियाजने विचारलं.

"उद्यापास्नं तुमी दोगंच या," मामा म्हणाले.

सीनूचं पुढे काय, हा प्रश्न गल्लीत सगळ्यांना पडला होता. नातेवाइकांनी दूरच्या एका आश्रमाचं नाव काढलं होतं. मामांसमोर विषय काढायला लोक बिचकत होते. मी काढला. "मामा, हे एकट्या बापाच्या गळ्यात का? अशा माणसांना सांभाळायला सरकारने माणूस द्यायला हवा. आपण मोर्चा काढू."

"काड की. मी बी यीन. पर तुजा मोर्चा पोचस्तवर त्याला मोरीत कोन न्हेनार?"

माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही.

मामा दवाखान्यात दाखल झाले तेव्हा तपासणी करून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. मी अभिमानाने म्हटलं, "आम्ही रोज उचलत पण होतो त्यांना."

"उचलत? कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी चालायला सांगितलं होतं. ह्यांना उचलून ह्यांची ताकद कशी वाढेल?"

मी मामांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. डॉक्टरीणबाई गेल्यावर मला म्हणाले, "कोन कसं उचलतंय ते सीनूला सांगता येत न्हाय, अम्मा. म्हनून मीच बगितलं."

सोबत आलेला रियाज उठून बाहेर रिक्षात जाऊन बसला.

ऑपरेशन पार पडलं. दुसऱ्या दिवशी नर्सने मामांना उभं केलं, चार पावलं चालवलं. पोटाला उशी दाबून ते खोकायचे. टाक्यांमुळे आवाज गेला होता. मी जवळ गेले की एवढंच विचारायचे, "रडतोय?"

रडत होता. घरी पहिल्यांदा आम्ही उचललं तेव्हा सीनू लाकडासारखा ताठ झाला होता, दिवसभर दाराकडे बघत होता. मग जेवायला लागला. मग एका सकाळी रियाजच्या टोपीला हसला. "आता नाही रडत," हे मी खरं सांगू शकले तोवर मामांना घरी सोडायची वेळ आली होती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, काही महिने भरलेली बादलीसुद्धा नको. मुलाएवढं वजन कदाचित कधीच नाही.

घरी आल्यावर आम्ही मामांना दाखवायला म्हणून सीनूला अंथरुणातून उचललं. मी मान धरली, रियाजने पाय. सीनू माझ्या मानेत तोंड खुपसून खिदळला. मामा भिंतीला टेकून बसल्या बसल्या बघत होते. एक चूक काढली नाही. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते.

"हितं ठेव," ते म्हणाले. "माज्याजवळ. उचलू नको म्हनल्यात, टेकू नको न्हाय म्हनल्या."

आम्ही सीनूला त्यांच्या शेजारी टेकवलं. मामांनी त्याची मान खांद्यावर घेतली, गाल त्याच्या केसांवर ठेवला. थोडा वेळ सीनू निवांत राहिला. मग चुळबुळ करू लागला. वाकडा हात उचलून तो आमच्याकडे झेपावत होता. त्याची दारात बसायची वेळ झाली होती.

मामांनी ते पाहिलं.

"न्या त्याला," म्हणाले. "वाट बगतोय तुमची."

आणि सीनूची मान आपल्या खांद्यावरून हलकेच उचलून त्यांनी माझ्या कोपरावर ठेवली.