द्विवचन

झाडे सर एकटे जेवत नाहीत. म्हणजे ताट वाढून घेतात, पण समोर कोणी बसून ‘सह नाववतु’ म्हटल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. त्यामुळे आमच्या नालवाडीत दुपारी बाराच्या सुमारास लोक त्यांच्या फाटकासमोरून जरा घाईनंच जातात.

सर संस्कृतचे निवृत्त मास्तर, काकू गेल्यापासून एकटे. शेजारी माझं किराणा दुकान. सिलिंडरवाला असो की मीटर पाहायला आलेला माणूस, सर त्याचा हात धरतात. “बस ना गा दोन मिनिटं. ‘नौ’ म्हणजे आपल्या दोघाईले. देव आपल्या दोघाईले सांभाळो, दोघाईले पोसो. एकट्यानं म्हटलं तं व्याकरण चुकते!”

एकदा सिलिंडरवाल्यासोबत त्याचा जोडीदारही येऊन बसला. सरांनी त्याला उठवलं. “द्विवचन आहे बापू. तिसरा आला का ‘नौ’चं ‘नः’ करा लागते.” तो बिचारा मंत्र संपेपर्यंत फाटकाशी उभा.

शेवटी तीनदा शांती. पहिली मोठ्यानं, वादळ-पाऊस आवरावा म्हणून. दुसरी बेताची, माणसामाणसांतल्या भांडणांसाठी. तिसरी नुसती ओठांत, आपल्याच आतल्या गडबडीसाठी. “हे तिसरी काई जमून नाई राह्यली,” सर म्हणायचे आणि जेवायला लागायचे.

कोणीच सापडलं नाही की पाळी माझी. गेल्या महिन्यात मी भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, वडनेरला गेलो. परत यायला साडेतीन वाजले. पाहतो तर सर घरापुढच्या ओट्यावर भिंतीला टेकलेले, घामाघूम. साखरेचा आजार, सकाळी इन्सुलिन घेतलेलं, आणि पुढ्यातलं ताट तसंच. धावत दुकानातून गूळ आणला आणि त्यांच्या तोंडात घातला. ते जरा सावरले, तसा मी चिडलोच.

“मंत्रापायी जीव देता का सर? एक दिवस एकटं जेवलं तं काय बिघडते?”

सरांनी ताट बाजूला सरकवलं.

“जनमभर शाळेत पोराईले हा मंत्र शिकवला. घरी पयले माह्यं जेवण व्हाचं, मंग तिचं. स्वयंपाकघरात, एकटीचं. एक दिवस म्हणे, मले बी शिकवा, आपण संगं बसू. मी म्हटलं, तुले उच्चार जमायचे नाईत.”

“मंग?”

“मंग काई नाई. तिनं पुन्हा विचारलं नाई.”

भात वाळून गेला होता. आत जाऊन मी वरण गरम केलं, दोन ताटं वाढून आणली आणि त्यांच्यासमोर मांडी घातली. सरांनी हात जोडले, ‘सह’ म्हणाले आणि तिथेच थांबले.

“साफ होते गा तिचे उच्चार,” ते म्हणाले. “मले तवाच माहीत होतं.”