गिदोन सरांनी ट्रॅफिक हटवलं

"पप्पा, अडकले मी!" एंजल इतक्या जोरात किंचाळली की गिदोन सरांच्या बशीतला चहा पायजम्यावर सांडला.

पोरगी मोबाईलवर गोळीबाराच्या खेळाची तालुका फायनल खेळत होती. जिंकली तर पुण्याला राज्यस्पर्धेला, हरली तर मोबाईल कपाटात आणि पोरगी डी.एड.ला, असं सरांनीच बजावलेलं. मैदानात आता दोघंच उरली होती, ती आणि 'कर्दनकाळ' नावाचा कुणीतरी. आणि ऐन वेळी एंजलची गोळी विचार करून करून निघत होती!

"अगं, अनलिमिटेड घेतलंय ना आपण?" सर हबकले.

"नेट अनलिमिटेड आहे पप्पा, स्पीड नाही!"

सरांनी तडक नेटवाल्या कानिफनाथला फोन लावला.

"सर, या टायमाला ट्रॅफिक लई वाढतं. मंग आमी गेमवाल्यांना जरा मागं थांबवतो. शेपिंग म्हनत्यात त्याला. ठिवा आता, लई घाईत हाय!"

सरांनी खिडकीतून पाहिलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. खरंच की! कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थेट बेलापूरच्या चौकापर्यंत! सरांनी तीस वर्षं मिशनच्या शाळेत पी.टी. घेतलेली. रांग हलवायची कशी, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"मरिया, माझी शिट्टी कुठाय?"

"अहो, पोरीचं नेट अडलंय, शिट्टी कशाला?"

"नेटसाठीच!"

रस्त्यावर जाऊन सरांनी पहिलाच ट्रॅक्टर अडवला. "आसाराम, बोळातून काढ!"

"सर, न्हाई बसायची ट्रॉली."

"बसते! माझ्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

आसारामला वाटलं, पोरीला दवाखान्यात न्यायचंय. बिचाऱ्यानं गपगुमान ट्रॅक्टर बोळात घातला. उंच रचलेल्या उसात बोळावरची काळी वायर अडकली, ताणली, आणि फाट्! अख्ख्या गावाचं नेट गेलं.

"आकाशातल्या बापा!" सर रस्त्यातच मटकन बसले. आपल्याच हातानं लेकीचं वाटोळं केलं की! तेवढ्यात एंजल धावत बाहेर आली. तिच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

"पप्पा, जिंकले! वायफाय गेलं आणि मोबाईलचा डेटा सुरू झाला. कर्दनकाळ नुसता पुतळ्यासारखा उभा! जवळ जाऊन उडवला त्याला!"

सरांचा आ मिटायच्या आत कानिफनाथ स्कूटरवरून येऊन थडकला. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

"कुन्या शहान्यानं वायर तोडली? तालुक्याची फायनल हुती माझी! कॉम्प्युटर जागच्या जागी गार झाला! आन् माझ्या लायनीला तर मी शेपिंगबी लावलं नव्हतं!"

एंजलनं डोळे बारीक केले. "कर्दनकाळ दादा?"

कानिफनाथनं जीभ चावली.

सर मात्र अजून चक्रावलेलेच होते. "म्हणजे काय रे, तुझ्या घरापुढून ट्रॅक्टर जात नाहीत?"