दवाखान्याची फीत

दाढ ठणकत होती म्हणून माजी खासदार सकाळीच मागच्या गल्लीतल्या नव्या दवाखान्याकडे निघाले. "नुसती दाढ दाखवून या. तिथे भाषण ठोकत बसू नका," बायकोने दारातूनच बजावले. भाषण ठोकायला माणसे लागतात, आणि निवडणुकीत आपटल्यापासून साहेबांकडे माणसे म्हणजे ती एकटीच उरली होती. तीही ऐकत नसे.

दवाखान्याच्या दाराला आडवी लाल फीत बांधलेली. शेजारी स्टुलावर तबक, तबकात कात्री. आसपास चिटपाखरू नाही. साहेबांचे पाय तिथेच खिळले आणि दाढ गप्प झाली. सलग दोनदा निवडून आले होते तेव्हा किती फिती कापल्या! पुलाच्या, शाळेच्या, एकदा तर सार्वजनिक मुतारीची. फीत कापून झाली की आत डोकावायलाही सवड नसे, गाडी चालूच ठेवलेली असे. आता सवडच सवड होती, फीत मात्र कोणी बांधत नव्हते. त्या दिवसांची त्यांना इतकी आठवण येई, की दुधाची पिशवी कापतानाही ते क्षणभर थांबून फोटोग्राफर असायचा त्या बाजूला बघत.

नुसती हातात धरून बघू, म्हणून त्यांनी कात्री उचलली. हाताला जुनी सवय. कच्च! "जनतेच्या सेवेत अर्पण करतो," हेही तोंडातून निघून गेले.

आतून डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो आजोबा, हे काय केलंत! खासदार येतायत उद्घाटनाला!"

"मी खासदारच आहे," साहेब म्हणाले, आणि जीभ चावून, "म्हणजे, होतो."

"होतात ना? मग आता मी काय करू? दुसरी फीत नाहीये माझ्याकडे!"

तुकड्यांना गाठ मारली, तर फीत तोकडी पडली. ताणली, तर भिंतीतला खिळाच उपटून हातात आला. तेवढ्यात कोपऱ्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले. "तुम्हीच धरा आता हे टोक," बाई कडाडल्या. "आणि हलायचं नाही!"

गाडीतून उतरला तो साहेबांना पाडून निवडून आलेला खासदार. मागे कार्यकर्त्यांची झुंबड. धरणीने पोटात घ्यावे, असे साहेबांना झाले.

"साहेब, तुम्ही? इथे?" कात्री घेऊन तो अगदी जवळ आला.

"दाढ दाखवायला आलो होतो," साहेबांनी खरे ते सांगितले.

आता हा सगळ्यांदेखत हसणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण तो कानाशी वाकला. "कुणाला बोलू नका. या वेळी मला तिकीट नाही. कालच कळलं. ही बहुतेक शेवटचीच." त्याने कात्री उगाच उघडली, मिटली. "साहेब, नंतर... सकाळी उठून काय करता हो?"

हरल्यापासून साहेब याच बातमीची वाट बघत होते. आनंदाने उडी मारायला हवी होती. पण असाच चेहरा त्यांना रोज आरशात दिसत होता.

"सर, लवकर कापा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजोबांचा हात भरून येईल."

साहेबांनी फीत आणखी ताठ धरली.

"त्यांचं ऐकू नका," ते हळूच म्हणाले. "सावकाश कापा."