आप्पांचा रेडा

आमचे शेजारी आप्पा सहस्रबुद्धे घरी बिअर करत, लोकांना ती हट्टानं पाजत आणि स्वतः मात्र एक थेंब घेत नसत. तुम्ही घोट घेतलात, की खुर्ची पुढे ओढून दाताच्या डॉक्टरसारखे तुमच्या तोंडाकडे बघत बसत.

"गिळू नका. फिरवा, फिरवा. हं, आता बोला!"

तोंडात बिअर असताना बोलायचं कसं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलात बिअर म्हणजे बारमधली थंडगार बाटली. आप्पांची बिअर मात्र लोणच्याच्या बरणीत जन्म घ्यायची. मोड आणून भाजलेले सातू, गूळ, बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट आणि कडूपणासाठी काडेचिराईत. तिला कुणी 'दारू' म्हटलं की आप्पा ग्लास काढून घेत.

रविवारी दुपारी त्यांच्या गच्चीवर चाखायला आम्ही दोघं: मी आणि कोन गावचे म्हात्रे. पहिला ग्लास म्हात्र्यांना. दर वेळी! अहो, गणेशोत्सवात माइक माझ्या हातात असायचा, शब्दांवर अख्खी आळी डोलायची. आणि इथे मी उष्ट्या मानाचा! पहिल्या ग्लासाच्या त्या मानापायी मी आठवडाभर जळत असे.

कारण एकच. म्हात्रे चवीचं वर्णन करत. मी नुसतं "झकास" म्हणे.

त्या रविवारी मी घरून भाषणच पाठ करून गेलो. आप्पांनी नवी बरणी उघडली. वासानंच माझा चष्मा सरकला.

"याचं नाव रेडा," आप्पा म्हणाले. "अंगावर येतो."

पहिला ग्लास अर्थातच म्हात्र्यांना. त्यांनी डोळे मिटले. "आप्पा, आदी गूळ हाय, करपलेला. मंग मागून धूर येतो, ओला लाकूड पेटवल्यावानी. आन् मंग कायच नाय, निसता ऊन!"

"वा!" आप्पा अक्षरशः मोहरले.

मग मी. ईर्ष्येनं अर्धा ग्लास एका दमात रिचवला. कान तापले, समोरचा कर्नाळ्याचा सुळका वाकून नमस्कार करू लागला. भाषण साफ पळालं.

"अगगग!" मी म्हणालो.

"अगगग म्हणजे? कडू की तिखट? जिभेवर कुठे?" आप्पा काकुळतीला आले.

तेवढ्यात आप्पांच्या पत्नी मालतीवहिनी कांदाभजी घेऊन आल्या. म्हात्र्यांनी एक तोंडात टाकलं आणि थिजले. मी एक खाल्लं, मीही थिजलो. मिठागर होतं ते! आप्पा मात्र चौथं भजं उचलत होते.

"कशी झालीत हो?" वहिनींनी विचारलं.

"खमंग!" आप्पा म्हणाले. "आणि मागून धूर येतो बघ, ओलं लाकूड पेटवल्यासारखा."

म्हात्रे माझ्याकडे बघायला लागले. वहिनींना आमचे चेहरे दिसले. त्यांनी एक भजं चाखलं आणि ताटली उचलली. पाणी आणायच्या निमित्तानं मी मागोमाग जिन्यात गेलो.

"मीठ दोनदा पडलं," त्या हळूच म्हणाल्या. "मोठा ताप आला होता ना त्यांना, तेव्हापासून चव नाही की वास नाही. मला कळलंय, हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या स्वयंपाकाची तारीफ रोज करतात. शब्द तुमच्याकडून नेतात. भाजी कशी लागते हे कोण कुणाला सांगत बसतं? बिअर पाजली की माणसं बोलतात."

मी वर आलो. माझा उरलेला अर्धा ग्लास आप्पांनी पुढे केला. "जमतंय का बघा."

मी लहानसा घोट घेतला. फिरवला. "आप्पा, तव्यावर भाकरी राहून जाते ना, तिची कड काळी होते... ती कड. ती मोडून खाल्ली की आधी कडू लागते. मग चावता चावता गोड."

आप्पांनी डोळे मिटले. त्यांचा कंठ हलला. ग्लास माझ्याच हातात होता.

"सावकाश," ते म्हणाले. "त्या भाकरीचं परत सांगा."

शेजारी म्हात्रे जळून कोळसा झाले होते. मी परत सांगितलं.