खोकणाऱ्या निळ्या गाडीचा तपास

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटे. स्थळ सिल्वासा, आमच्या सोसायटीचे वाहनतळ. उपस्थित माणसे तीन, गाडी एक, चालू इंजिने शून्य.

मी श्रीधर टेंभेकर, वय एकाहत्तर, यंत्र-अन्वेषक. ही पदवी मला कोणी दिलेली नाही. ती देण्याच्या योग्यतेचा माणूस या केंद्रशासित प्रदेशात मला अद्याप आढळलेला नाही. १९७५ साली तंत्रनिकेतनातून यंत्र शाखेची पदविका प्रथम वर्गात घेतली आणि पुढे छत्तीस वर्षे येथील कारखान्यांचे देखभाल विभाग सांभाळले. सामान्य मेकॅनिक यंत्र उघडतो. मी यंत्राची साक्ष घेतो. बेअरिंगच्या आवाजावरून ते चालवणारा ऑपरेटर कोणत्या जिल्ह्यातला, हे मी सांगू शकतो. आजवर दोनदाच चुकलो, आणि दोन्ही वेळा चूक ऑपरेटरची होती.

प्रकरण असे. माझे सहकारी प्रभाकर २०२० च्या फेब्रुवारीत वारले. तेव्हापासून त्यांची १९८८ सालची निळी गाडी पाच वर्षे नऊ महिने जागची हललेली नव्हती. सोसायटीच्या समितीने गुरुवारी रात्री नोटीस लावली की, जी गाडी रविवारी अकराच्या आत स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाणार नाही, ती बेवारस समजून भंगारात देण्यात येईल. प्रभाकरांच्या पत्नी शैलजावहिनी याच गाडीवर, नवऱ्याशी तीन महिने भांडून, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या होत्या. ती भंगारात जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या.

"भाऊजी, चालू होईल ना?"

"वहिनी, गुन्हेगार इंजिनाच्या आत आहे आणि मी बाहेर उभा आहे. त्याला पळायला जागा नाही."

"गुन्हेगाराचं राहू द्या. गाडीचं सांगा."

उपस्थितांपैकी तिसरा भिका, साक्रीकडचा, अहिराणी वळणाचे बोलणारा, आमचा वॉचमन. पूर्वी कारखान्यात तो माझ्याच हाताखाली हेल्पर होता. गाडीवरचे जाड आच्छादन तो सगळेच ओढून काढणार, तेवढ्यात मी त्याला थांबवले. घटनास्थळ जपणे हे तपासाचे पहिले तत्त्व. आच्छादन फक्त चालकाच्या दारापर्यंत दुमडायचे. मागचा भाग झाकलेलाच राहील.

"भिका, तू मागे स्टुलावर बस. काही संशयास्पद हालचाल झाली तर मला कळव."

"हालचाल झाली तरच?"

"तरच."

"बरं साहेब," म्हणून तो बसला.

नवी बॅटरी जोडून किल्ली फिरवली. इंजिन गरगरले, क्षणभर पेटले, वर्गणी मागायला आलेल्या माणसासारखे दोनदा खाकरले आणि गप्प झाले. पुन्हा फिरवली. पुन्हा दोन खाकरे.

पहिला संशयित पेट्रोल. टाकीतून काढलेल्या द्रवाला जुन्या व्हार्निशचा वास येत होता. असा वास येणारा निर्दोष असूच शकत नाही, म्हणून मी त्याला कॅनच्या कोठडीत बंद केले आणि पाच लिटर ताजे पेट्रोल भरले. दोन खाकरे.

दुसरा आरोप स्पार्क प्लगवर. चारही बाहेर काढले, पॉलिश पेपरने घासले, ठिणगी तपासली. ठिणगी निळीशार, नि:संशय प्रामाणिक. दोन खाकरे.

तिसऱ्या तपासात एअर फिल्टरमध्ये उंदराचे घरटे सापडले. मी विजयी मुद्रेने ते चिमट्यात धरून उंच केले. समितीच्या २०२२ सालच्या सूचनापत्राचा त्यात बारीक भुगा होता. त्या सूचनेचा या सोसायटीत इतका सखोल अभ्यास दुसऱ्या कोणी केला नसावा. घरटे काढले, फिल्टर झटकला, किल्ली फिरवली. दोन खाकरे.

"भिका, काही हालचाल?"

"नाही साहेब. जसं होतं तसंच शे."

चौथा संशयित कार्बोरेटर. हा जातिवंत कपटी भाग. मी तो पूर्ण सोडवला. भाग निघाले एकोणीस, परत बसले अठरा. एकोणिसावा भाग मुळातच अनावश्यक होता, असे मी जाहीर केले. वहिनींनी तो माझ्या चहाच्या बशीतून काढून दिला. मग एकोणीस बसवले. दोन खाकरे.

दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. यंत्र निर्दोष असेल तर गुन्हा माणसाचा असतो, या सूत्रानुसार मी समितीचे गुजराती सचिव ललितभाई यांना खाली बोलावून घेतले.

"ललितभाई, गुरुवारी रात्री आपण कुठे होतात?"

"घेर. जेवत हतो. का?"

"या गाडीशी आपले काय वैर आहे?"

"वैर शेनू, काका? मला गाडी नथी जोईती, जागा जोईए. माझ्या जावयाची नवी गाडी रस्त्यावर उभी असते."

"म्हणजे हेतू सिद्ध झाला!"

"काका, हेतू तर मी नोटिशीतच लिहून लावलाय. फाटकावर. लॅमिनेशन करून."

अन्वेषकाच्या आयुष्यात असे निर्लज्ज कबुलीजबाब क्वचित येतात. मी तो वहीत नोंदवला. वहिनी मात्र फाटकाकडे पाहत होत्या. तिथे भंगाराचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. दहा वाजून अडतीस मिनिटे.

टेम्पोतून वाळू नावाचा दणकट माणूस दोर घेऊन उतरला. वहिनी चालकाच्या जागेवर बसल्या आणि त्यांनी आतून दार लावून घेतले.

"मावशी, उतरा ना," वाळू म्हणाला.

"अकरा वाजलेत का?"

"नाही."

"मग थांब."

"दोर तरी बांधून ठेवतो." वाळूने मागचे आच्छादन ओढून फेकले आणि तो बंपरखाली वाकला. त्याच क्षणी, संपूर्ण सकाळ पुतळ्यासारखा बसलेला भिका स्टूल उलथवून उठला.

"ओ! हात नका लावू! टॅग शे तिथं!"

सगळे मागे धावले. धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात तेलकट गोणपाट गुंडाळलेला लाकडी बूच ठोकून बसवला होता. त्याला तारेने लाल पत्रा, म्हणजे कारखान्यातला टॅग, अडकवला होता. त्यावरचा मजकूर: 'धोका. हात लावू नये.' खाली तारीख २४ फेब्रुवारी २०२०, आणि एक अत्यंत वळणदार सही.

ललितभाई वाकून वाचू लागले. "श्री... टें... काका, हे तर तुम्हीच!"

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो: कारखाना दीर्घकाळ बंद ठेवायचा असेल तर यंत्राचे प्रत्येक तोंड बुजवतात, म्हणजे ओल आणि उंदीर आत शिरत नाहीत. प्रभाकर गेल्यावर मी त्यांची गाडी त्याच शिस्तीने बंद केली असणार; एअर फिल्टरचे तोंड तेवढे राहून गेले. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली, जुन्या कारखान्याने मला निवृत्तीनंतरही मदतीला बोलावले आणि मी तेरा यंत्रे अशीच बुजवली. चौदावे, म्हणजे ही गाडी, स्मरणातून निसटले. इंजिनात हवा, पेट्रोल आणि ठिणगी जाते की नाही, याची मी साडेतीन तास चौकशी केली. धूर बाहेर पडतो की नाही, हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही.

"भिका, तुला हे माहीत होते?"

"चार वर्षं बघतो ना साहेब. रोज खालून झाडतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही हालचालीचं विचारलं. हे कुठं हालत होतं?" भिकाने स्टूल सरळ केले. मग हळू म्हणाला, "आणि तुमचीच सही शे ना. २००९ ला मी दुसऱ्याचा टॅग काढला होता, आठवतं? मशीन रिकामं होतं. तुम्हीच लिहून दिलं न् तीन दिवस घरी बसवलं मले. बायको बाळंतीण होती. तवापासून ज्याचा टॅग त्यानंच काढायचा."

नियम म्हणून मी बरोबरच होतो. तरीही त्या वेळी ते मोठ्याने सांगावेसे मला वाटले नाही.

"तर मग टॅग मीच काढायला हवा," मी म्हणालो. "मात्र काढण्यापूर्वी रजिस्टरमध्ये नोंद..."

"भाऊजी, बाजूला व्हा." वहिनी पक्कड घेऊन उतरल्या होत्या. त्यांनी बूच धरला, एक पाय बंपरला लावला आणि ओढला. बूच निघाला, त्यामागून पाणी, गंज आणि काळा चिखल ओघळला. नोंद झाली नाही.

किल्ली फिरली. इंजिन पेटले, थरथरले आणि मग एकदाचे सलग घुरघुरू लागले. काळ्या धुराचा पहिला लोट माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. वाळूने दोर गुंडाळला. ललितभाई घड्याळ बघत होते. त्यात दहा वाजून एकावन्न मिनिटे झाली होती.

मी पुढचे दार उघडायला गेलो. "वहिनी, प्रथम चाचणीला तज्ज्ञ सोबत असलेला बरा."

"खरंय," त्या म्हणाल्या. "भिका, बस."

"मी? मॅडम, गेटवर कोण?"

"साहेब आहेत ना."

मी फाटक उघडले. गाडी बाहेर पडल्याची वेळ दहा चौपन्न. ती रांधा रस्त्याच्या बाजूने वळून दिसेनाशी झाली, मी फाटकावर भिकाच्या जागी उभा राहिलो आणि ती अकरा वाजून चाळीस मिनिटांनी परत आली. मीटरवरचे निघतानाचे आणि परतल्यावरचे आकडे मी स्वतः वाचून वजाबाकी केली. गाडी एकूण ६.४ किलोमीटर धावली.