ड्राइव्हवेवरचं इंग्लंड

एप्रिलमध्ये एका सकाळी श्रूजबरीच्या आमच्या गल्लीत घुंगरं वाजतात. नवे शेजारी दचकून खिडकीत येतात. जुने हसून कॉफी ओततात. मिरजकर काका ड्राइव्हवेवर उतरलेले असतात.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त भूलतज्ज्ञ, मूळचे सांगलीचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, नडग्यांवर घुंगरांचे पट्टे, दोन्ही हातांत पांढरे रुमाल. स्पीकरवर इंग्लंडच्या खेड्यातली जुनी धून आणि तिच्यावर काकांचा तिथलाच लोकनाच. तेवीस एप्रिल, सेंट जॉर्जचा दिवस. काका इंग्लंडचा राष्ट्रीय दिवस साजरा करतात. अमेरिकेतल्या श्रूजबरीत.

"ब्रिटनचा नव्हे हं, इंग्लंडचा!" हे ते पोस्टमनलाही बजावतात.

एका वर्षी त्यांनी मेलबॉक्सवर इंग्लंडचा झेंडा लावला. पांढऱ्यावर लाल क्रॉस. समोरच्या आजींना वाटलं, डॉक्टरांनी फुकट तपासणी ठेवली आहे. त्या बाही वर करूनच आल्या. काकांनी त्यांना झेंड्याचा इतिहास सांगितला आणि ब्लडप्रेशरही बघितलं.

महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला त्यांनी या नाचासाठी दहा मिनिटं मागितली, तेव्हा सेक्रेटरी वैतागला. "काका, दीडशे वर्षं राज्य केलं यार त्यांनी आपल्यावर!"

"राज्य करणारे वेगळे, नाचणारे वेगळे," काका शांतपणे म्हणाले. स्लॉट मिळाला नाही तो नाहीच.

काकूंचं म्हणणं निराळं. "लेझीम खेळा म्हटलं की यांची कंबर धरते. इंग्लंड म्हटलं की सुटते!"

यंदा काकांचा गुडघा बदलला होता. काकूंनी मला फोन केला, "हे ऐकायचे नाहीत. तू जवळ उभी राहा, म्हणजे झालं."

मी गेले. काका जपून नाचत होते, पण काहीतरी विचित्र होतं. दोन पावलं पुढे, मग कशाला तरी वळसा घातल्यासारखी अर्धी गिरकी. मध्येच थांबून रिकाम्या जागेकडे बघत मान लववायची.

"काका, दुखतंय का?"

"छे गं. हा सहाजणांचा नाच आहे."

मग स्पीकर बंद करून त्यांनी सांगितलं. सव्विसाव्या वर्षी ते इंग्लंडमधल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात लागले. पहिले चार महिने ड्यूटीबाहेर कुणी त्यांच्याशी बोललं नाही. रविवारी ते स्वतःशीच मोठ्याने मराठी बोलायचे, स्वतःचा आवाज हरवू नये म्हणून. एके दिवशी टॉम नावाचा वॉर्डबॉय दारात आला. त्यांच्या नाचात एक माणूस कमी पडला होता. त्याने विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला उडी मारता येते का?"

"बास, एवढंच विचारलं. कुठून आलात, कधी जाणार, काही नाही." काका चष्मा पुसत म्हणाले. "सात वर्षं नाचलो त्यांच्यात. सगळे माझ्याहून मोठे. मी इकडे आल्यावर दर ख्रिसमसला त्यांची कार्डं यायची, ती एकेकाची बंद होत गेली. गेल्या डिसेंबरात टॉमचंही आलं नाही."

मी सहज एक पाऊल पुढे टाकलं.

"अगं, तिथे नको, तिथे टॉम आहे!" काका पटकन म्हणाले. मग जरा ओशाळले. "इकडे ये. ही आमच्यातल्या बिलची जागा. तो काही म्हणायचा नाही."

मी बिलच्या जागेवर उभी राहिले. काकांनी खिशातून आणखी दोन रुमाल काढले. पांढरेशुभ्र, इस्त्री केलेले, घडी न मोडलेले.